जगाची फॅट

"जपान आपटला!" असं ओरडून मामा टेबलावर असा पंजा हाणायचे, की दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या नाचायच्या. रांगेतल्या बाया दचकायच्या.

"मामा, कुणाचा जीव घेतला?"

"म्या न्हाई, अमेरिकेनं. ती आधी कोसळली, हा मागनं गेला."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. न्हावऱ्याच्या आमच्या डेअरीत ते फॅट तपासायचे, मी सचिव. मामा शिक्रापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका हातात नमुना, दुसऱ्यात मोबाइल, त्यावर देशोदेशीचे शेअर बाजार. रोज सकाळी दराच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहायचे, 'जग वर' किंवा 'जग खाली'. स्वतःचा एकही शेअर नव्हता. नुसतं बघायचं वेड.

"मामा, अख्खं जग मोजतात कसं?" मी एकदा विचारलं.

"टँकरचा नमुना घेता का न्हाई? तसंच. देशोदेशीच्या मोठ्या कंपन्यांचं थोडं थोडं एकात घ्यायचं. ज्याची किटली मोठी, त्याचं जास्त. सगळ्यात मोठी किटली अमेरिकेची. पर सचिव, टँकरची फॅट वाढली म्हणून तुमची म्हैस जगंल, असं न्हाई."

मी त्यातलं अर्धंच ऐकलं. जग वर चाललंय तर आपण का मागे? एका कंपनीचे शेअर मी घेतले, दहा-बारा घरांना घ्यायला लावले. माझं कोण ऐकतंय, म्हणून सांगत सुटलो, "मामाच म्हणतात, घ्या."

ती कंपनी बुडाली. त्या सकाळी फळ्यावर होतं, 'जग वर'.

माणसं दूध न घेताच आली. एकाने मामांची गचांडी धरली. "जग वर, आन् आमची राख? व्हय रं, म्हाताऱ्या?"

"म्या कुणाला घ्या म्हणलो?" ते गोंधळून माझ्याकडे वळले. "सचिव, तुम्ही तरी सांगा की. तुम्हीच तर..."

पुढचा शब्द बाहेर पडू नये म्हणून मी किटलीचं झाकण उचललं आणि त्यांच्या कानावर हाणलं.

मग सगळेच तुटून पडले. लाथा, चपला, वजनकाट्याची साखळी. फरशीवर दात पडला. त्यांनी हात डोक्यावर घेतले, तर हातावर मारलं. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. कानातलं रक्त पहाटेच जमा झालेल्या परातीतल्या दुधात गेलं. ते दूध ओतून द्यावं लागलं, त्याची गावात हळहळ झाली.

आठवड्याने ते लेकीकडे दौंडला गेले. गावात आजही सांगतात, पोरांनी सुरुवात केली. खोटं आहे. पहिला फटका माझा होता. त्यांनी कुणालाही शेअर घ्यायला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

यंदा एसटीने दौंडला गेलो. दारातच कळलं, मामा गेल्या वर्षी वारले. लेकीने बसवलं, चहा दिला.

"न्हावऱ्याचे सचिव तुम्हीच का, काका? पप्पा लई नाव काढायचे. गाडीवरनं घसरून पडलो, कान गेला, तवा सचिवांनीच उचललं, म्हणायचे."

मी सगळं सांगितलं. झाकणापर्यंत.

ती उठली, माझ्या हातातून कप काढून घेतला. त्यात अर्धा चहा होता.