भुंग्याच्या मिशा
कुठं राळ जळाली, की त्या वासानं आजही माझ्या तळहातांना घाम सुटतो. विद्यार्थी असताना एका मे महिन्यात, रामदासपेठेतल्या प्रयोगशाळेच्या खोलीत, धूळ उडू नये म्हणून कूलर बंद करून मी शेंगदाण्याएवढा अंबराचा खडा घासत होतो, तेव्हा हाच वास सुटला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकलेला भुंगा त्यात होता, साऱ्या जगात असा एकच. त्याच्या मिशा धुरकट थराआड होत्या. त्या वेगळ्या निघाल्या तरच जात नवी ठरणार, आणि केसभर जास्त घासलं की मिशाच गायब! वाडी नाक्यावरचे सगळे ट्रक टेबलाखालून जात असावेत, असे माझे हात थरथरत होते. "काहून थरथर कापून राहिला गा? भुंगा चावत नाही!" मागून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच घासा ना, मॅडम." "मलेच घासायचं असतं, तर तुले शिकवलं कायले असतं?" मी श्वास रोखला, तो बहुधा दीड दिवस. अखेर भिंगाखाली आजवर कुठंच न दिसलेल्या, करवतीसारख्या दातेरी मिशा लखलखल्या. मॅडमनी माझी आखडलेली बोटं एकेक करून सोडवली. आता माझी विद्यार्थिनी घासायला बसली, की मी चहाच्या निमित्तानं बाहेर पळतो. तिला वाटतं, सरांचा आपल्यावर केवढा विश्वास!