रेडा मोठा की काडी

आमच्या वादात दोनच उमेदवार होते, रेडा आणि काडी. आजवरचा सगळ्यात मोठा व्यावसायिक सायकलपटू कोण, हा तो वाद. दोघांची खरी नावं परदेशी होती आणि आमच्या जिभेला वळत नव्हती, म्हणून आम्ही आमची ठेवली. रेडा म्हणजे जुन्या काळातला एक भरदार गडी. सपाटी असो, घाट असो, एकट्यानं घड्याळ लावून पळवायची शर्यत असो, समोर येईल ते त्यानं जिंकलं. काडी हडकुळा होता. सपाटीवर मागे मागे राहायचा आणि डोंगर लागला की कुणालाही न सांगता पुढे निघून जायचा. मी रेड्याकडून बोलायचो, माझा मित्र काडीकडून.

मित्र म्हणजे मखमलाबादकडचा एक फूलवाला. घरची झेंडूची आणि गुलाबाची शेती. रोज पहाटे कॅरिअरला टोपल्या बांधून तो गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीच्या काठच्या, फूलबाजारात यायचा. मी पंचवटीत एका खोलीत एकटा राहायचो, सरकारी कचेरीत कारकून होतो. ओळख झाली पंक्चरच्या दुकानात. माझी गिअरची सायकल त्यानं खालून वर पाहिली आणि म्हणाला, "सायेब, एवढे दाते लावलेत, पण पाय कुडं हायेत?"

मला हसू आलं. नाशकात येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि तोवर कुणी माझी थट्टाही केली नव्हती.

मग दर रविवारी बाजार उरकला की आम्ही निघायचो. नऊ-दहा वाजलेले असायचे, ऊन चढलेलं. लोक पहाटे सायकल चालवतात. आमची वेळ फुलांनी ठरवलेली होती. त्र्यंबकच्या रस्त्याला लागायचं, अंजनेरीच्या फाट्यावर चहा घ्यायचा, वाटलं तर पुढे जायचं, नाहीतर वाद संपेपर्यंत तिथंच बसायचं. वाद संपायचा नाही हे दोघांनाही माहीत होतं. फाट्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे. माझ्या सायकलला गिअर असून मी तिथं कधीकधी उतरायचो. तो आपल्या जड काळ्या सायकलवरून कधी उतरला नाही. पेडलवर उभा राहून, शर्ट पाठीला चिकटलेला, हळूहळू वर जायचा आणि वर झाडाखाली माझी वाट बघत थांबायचा.

"उतारलास?" एवढंच विचारायचा.

रेडा आणि काडी आमच्यापर्यंत आले ते रद्दीतून. रविवार कारंजाजवळच्या एका रद्दीच्या दुकानात अधूनमधून परदेशी सायकलिंगची मासिकं यायची. सातपूरच्या कारखान्यांत येणारे पाहुणे टाकून जात असावेत. मी ती घ्यायचो. त्याला मराठी पेपर फडाफडा वाचता यायचा, इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि तो फोटोवर बोट ठेवून ऐकायचा. दूरच्या त्या डोंगरांबद्दल त्याला जे काही माहीत होतं, ते माझ्या तोंडून गेलेलं होतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. आलं होतं.

एका रविवारी फाट्यावर चहावाल्याकडे चांगली पाच-सहा माणसं बसली होती. वाद रंगला होता. मी रेड्याच्या जिंकलेल्या शर्यती सांगत होतो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आरं, रेड्याच्या म्होरं त्याच्याच संघाचे सात-आठ गडी वारा फोडत्यात. हा मागं बसून आराम करतो आन शेवटाला पुढं येतो. पाटलाच्या लग्नात वाढपी राबत्यात आन पाटील ढेकर देतो, तसं हाय ते. डोंगरात वारा लागत नाय. तिथं ज्याचं वजन त्यानंच वर न्यायचं. म्हनून काडी मोठा."

माणसं हसली. चहावाला म्हणाला, "बरोबर हाय फूलवाल्याचं. सायेब, तुमचा पाटील हरला."

एवढंच झालं होतं. कुणी माझा अपमान केला नव्हता. पण माझ्याजवळ त्याच्यासारखे पाय नव्हते, त्याच्यासारखं बोलणं नव्हतं. माझ्याजवळ फक्त इंग्रजी होतं. मांडीवर मासिक उघडं होतं आणि त्यात काडीवरच लेख होता, एका अवघड घाटात तो सगळ्यांना सोडून एकटा वर गेला त्या दिवसाचा. मी म्हणालो, "थांबा, यात काय लिहिलंय ते वाचतो." आणि वाचल्यासारखं करून सांगितलं की त्या घाटात काडीचा दम संपला, तो सायकलवरून उतरला आणि ती हातात धरून चालत वर गेला.

"उतारला?" त्यानं विचारलं.

"उतरला. इथं लिहिलंय."

त्यानं फोटोकडे पाहिलं. फोटोत काडी सायकलवरच होता, पण ते उतरायच्या आधीचं असेल असं त्याला वाटलं असणार. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग रेडाच मोठा," म्हणाला. ना रागानं, ना चिडून. एखाद्या घरी नको ते कळल्यावर माणूस जसा चप्पल घालून निघतो, तसा तो त्या वादातून उठून गेला.

पुढच्या रविवारी त्या चढावर तो अर्ध्यात उतरला. मला वाटलं चेन पडली. "काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. काडी उतारतो तिथं आपन कोन लागून गेलो?"

आम्ही दोघं सायकली हातात धरून शेजारी शेजारी वर चालत गेलो. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याचं बरोबर चालणं आवडलं. एरवी तो वर आणि मी खाली असायचो. आता तो शेजारी होता, झेंडूच्या भावाबद्दल बोलत होता, आणि मला वाटलं, असंच राहावं. पुढे कितीतरी रविवार आम्ही असेच चालत चढलो. वाद मात्र संपला. मी मुद्दाम खोडी काढली तरी तो म्हणायचा, "जाऊ दे ना, रेडा तर रेडा." फाट्यावर चहा लवकर संपायला लागला. वाद जिंकल्यावर बोलायला काही उरत नाही, हे मला माहीत नव्हतं.

दोन हजार सालानंतर शहरात सायकलीचं वेड आलं. गंगापूर रोडवरचे डॉक्टर, इंजिनिअर महागड्या सायकली घेऊन रविवारी निघायला लागले. रस्त्यात आमची गाठ पडली. त्यांना तो आवडला. काळ्या सायकलवरचा फूलवाला कुणाला आवडणार नाही? त्यांनी आम्हाला मिसळ खायला बोलावलं. लांबलचक टेबल, वर आंब्याचं झाड. बोलता बोलता तोच विषय निघाला, सगळ्यात मोठा कोण. कुणी हा, कुणी तो. कुणीतरी आमच्या काडीचं खरं नाव घेतलं. तो दिसायला कसा, डोंगरात कसा निघून जायचा, हे ऐकून मित्रानं त्याला ओळखलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तो नाय मोठा," तो म्हणाला. "तो घाटात उतारून चालत गेलाय."

 मग एक तरुण डॉक्टर हसला. "दादा, कोणी सांगितलं तुम्हाला? तो आयुष्यात कधी घाटात उतरला नाही. इंटरनेटवर सगळं आहे. घाटातली चढाई हीच तर त्याची ताकद." बाकीचेही हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

मित्र माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. "ह्यानं वाचून दाखवलंय. सांग रं यांना."

सगळे माझ्याकडे पाहत होते. इंग्रजी वाचता येणारा मी, त्यांच्यातला वाटेल असा मी. मी पावाचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "मला नाही आठवत. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असशील."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग डॉक्टरला म्हणाला, "आसंल. कोनी दुसऱ्यानं सांगितलं आसंल." आणि मिसळ संपवली. फुलांना पाणी द्यायचंय म्हणून इतरांच्या आधी निघाला. पुढच्या रविवारी मी आमच्या नेहमीच्या जागी, पुलाजवळ थांबलो. तो आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मी मखमलाबादला गेलो नाही. बाजाराच्या बाजूनं जायचं टाळायला लागलो. देवाला हार घ्यायचा तर लांबच्या दुकानातून घ्यायचा, इतपत.

त्यानंतर मी एकटाच जायचो. जुलैत केबलवर परदेशातली सायकलींची मोठी शर्यत दाखवायचे, मी खोलीत बसून पाहायचो. कुणी घाटात एकटा पुढे निघाला की माझ्या तोंडून "बघ" असं निघायचं, आणि खोलीत कुणी नसायचं. माझ्या मनात मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं. काडीच्या बाजूनं मला त्याच्यासारखं बोलता यायचं नाही.

काही वर्षांनी पितृपक्षात, फुलांना उठाव नसतो आणि बाजारात माणूस मोकळा असतो तेव्हा, मी गेलो. आता त्याचा छोटा टेम्पो होता. टोपल्यांशेजारी स्टुलावर बसला होता, एक पाय लांब सोडून. त्यानं मला पाहिलं, स्टूल सरकवलं. "बस, सायेब."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. मासिकात तसं काही नव्हतं, ते मी बनवलं होतं, आणि मिसळीच्या वेळी मला सगळं आठवत होतं.

तो झेंडूच्या पाकळ्या बोटांनी सारख्या करत राहिला. का केलंस, असं तो विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं ते विचारलं नाही.

"म्हंजे काडी उतारला नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"आन मी उतारत राह्यलो." त्यानं लांब सोडलेल्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तर हा बी वर जाऊ देत नाय."

त्यानं गंगेकडे पाहिलं. मग टोपलीत हात घालत, माझ्याकडे न बघता, पूर्वीच्याच आवाजात म्हणाला, "मंग रेडा मोठा कसा? बोल ना."

तेवढ्यात एक बाई हार मागायला आली आणि तो तिच्याकडे वळला. बोलायची पाळी माझी होती. रेड्याच्या बाजूचे सगळे मुद्दे मला पाठ होते. मी टोपल्यांजवळ उभा राहून ती बाई जायची वाट बघत होतो, आणि त्यातला एकही मुद्दा मला खरा वाटत नव्हता.