गाठ नसलेली माळ

होनोलुलूच्या इस्पितळात माझ्या लेकीच्या पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले. तिला आत नेलं आणि मी बाहेर एकटी बसले. तिची शेजारीण, एक हवाईयन म्हातारी, चाफ्याची माळ घेऊन आली. नर्सने हटकलं तेव्हा म्हणाली, "मी ओहाना. घरची." रक्ताचं काही नातं नसताना किती सहज म्हणाली.

माळेची टोकं सुटी होती. सवयीने मी गाठ मारायला गेले, तर तिने हात धरला.

"गरोदर बाईच्या माळेला गाठ नको. बाळाला नाळेचा फास बसतो म्हणतात."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी अंबाडा सोडला, पिशवीचे बंद सोडले, बुटांच्या नाड्या सोडल्या. आतून काहीच कळत नव्हतं आणि सोडायलाही काही उरलं नव्हतं. तेव्हा ती माझ्याजवळ सरकली आणि आपली पांढरी वेणी सोडू लागली.