थांबा, बघून सांगते

हेमाताई गेल्याचं त्यांच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी बिबवेवाडीतल्या छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या घड्या घातल्या. दुसरं काय करावं ते सुचलं नाही... त्या पत्रकाची पानं लावणारा प्रोग्रॅमही त्यांचाच होता.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. वडील ती चौकात वाटायचे, मी घरी मोठ्याने वाचायचे. हेमाताई एका कंपनीत प्रोग्रॅमर होत्या. रविवारी कर्वेनगरच्या खोलीत आम्हा चौघा-पाच जणांना घेऊन त्या 'पानजोड' लिहायच्या. घडी घातल्यावर पत्रकाची पानं क्रमाने यावीत, एवढंच पानजोडचं काम. फुकट घ्या, हवा तसा बदला.

लोणी काळभोरच्या अभ्यासिकेतल्या मुलींना कॉलेजच्या बसबद्दल पत्रक काढायचं होतं. बस त्यांच्या थांब्यावर थांबतच नव्हती. अभ्यासिकेत देणगीतले जुने विंडोज संगणक होते. आमचा तयार प्रोग्रॅम त्यांवर चालेना, म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची यादी, चालवून तो तिथेच मूळ कोडपासून बांधायचं ठरलं. स्क्रिप्ट शेवटपर्यंत जायची आणि 'पानजोड सापडला नाही' म्हणून थांबायची. पानजोड तर तयार होऊन समोर पडलेला असायचा. आमच्या लिनक्सवर, त्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, प्रोग्रॅमच्या फाइलला शेपूट नसतं, विंडोज नावापुढे .exe लावतं. स्क्रिप्ट बिनशेपटीची फाइल शोधत बसली होती.

मी तावातावाने म्हणाले, की बड्या कंपन्यांच्या मालकीच्या विंडोजसाठी आपण एक ओळही लिहायची नाही, त्यांनी लिनक्स घालावं. हेमाताई चहा गाळत होत्या. "क्रांतीची पूर्वअट लिनक्स, असं कुठल्या पत्रकात आहे गं? मलाही दे, वाचते."

मग मी सोपा उपाय सुचवला. यंत्राला त्याचं नाव विचारायचं. ते 'विंडोज' म्हणालं, तर .exe जोडायचं. त्यांनी गाळणी खाली ठेवली... याच शहरात खोली शोधताना घरमालक आधी त्यांचं आडनाव विचारायचे, आणि ते ऐकलं की खोली 'कालच गेलेली' असायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"नाव विचारून यंत्रसुद्धा कळत नाही. त्याला काम दे. हातात काय येतं ते बघ."

आणि त्यांनी स्क्रिप्टच्या सुरुवातीला काहीच न करणारा एक इवलासा प्रोग्रॅम घातला. यंत्राकडून तो बांधून घ्यायचा, जी फाइल येईल तिचं शेपूट लक्षात ठेवायचं, ती पुसायची आणि मग पानजोडला हात घालायचा. तेवढा वेळ पडद्यावर ओळ दिसते: 'थांबा, बघून सांगते.' अगदी त्यांच्या तोंडची. पत्रक त्याच आठवड्यात निघालं. बस थांबायला मात्र आणखी बरीच पत्रकं लागली.

परवा आम्ही त्यांच्याविना जमलो. आमच्यातला निखिल म्हणाला, आता सुरुवातीची ती इवल्या प्रोग्रॅमची चाचणी काढू. यंत्रांच्या नावांची तयार यादी मिळते, वेळ वाचेल. मला रागच आला. पण नुसती आठवण म्हणून ओळ ठेवायची, तर ती मूर्तिपूजा झाली. आणि बिनकामाची ओळ हेमाताईंनीच आधी खोडली असती. म्हणून निखिलची यादी घेऊन आम्ही लोणीला गेलो. तिथल्या एका संगणकाने यादीत नसलेलंच नाव सांगितलं आणि स्क्रिप्ट अडली. निखिलने स्वतःच हेमाताईंची जुनी स्क्रिप्ट लावली.

संगणक जुना, ओळ आली ती हलेचना. थांबा, बघून सांगते.

"अडकलं वाटतं," निखिल म्हणाला.

"बघतायत त्या. थांब जरा."

मग ओळी भराभर येऊ लागल्या, ती ओळ वर सरकत पडद्याबाहेर गेली आणि पानजोड तयार झाला. अभ्यासिकेतल्या मुली आपलं नवं पत्रक उघडायला पुढे सरसावल्या. मी त्यांना थोपवलं, बांधलेलं सगळं पुसलं आणि स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवली. थांबा, बघून सांगते.