मोहाची पोती आणि माझी डावी किडनी

"ताई, तुमची डावी किडनी आक्रसली आहे. तिच्यावर वण पडलेत. ते आता जाणार नाहीत," गडचिरोलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "गोळ्यांनी होईल ना बरी?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

आमचं गाव आरमोरीपासून आत, जंगलाला लागून. शेजारच्या बाईला वाघाने नेलं तेव्हापासून आम्ही बाया परसाकडे घोळक्यानेच जातो. पहाटे एकदा, दिवस मावळायच्या आधी एकदा. मध्ये लघवी लागली तर दाबून ठेवायची. दाबायला लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही.

घरी संडास आहे. तो बांधून झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतकी कोरडी जागा घरात दुसरी नाई." त्यात मोहफुलांची पोती रचली. पोती उचलायला मीच होते. मलाही ते शहाणपणाचं वाटलं, याची आज चीड येते.

पहिल्यांदा थेंबथेंब लघवी आणि मिरची लागल्यासारखी आग झाली. आरोग्य खात्याच्या आशाताईने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत आग थांबली, म्हणून उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवल्या. असं चार वर्षं चाललं. एकदा तर त्यातल्या जावेलाही दिल्या.

मग धानाच्या रोवणीत, चिखलात उभी असताना हुडहुडी भरली. कुशीत कळ, अंगात ताप. आमच्याकडे थंडीताप म्हणजे मलेरियाच. तो मी अंगावर काढला. एकदा नाही, तीनदा.

शेवटी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले, तिथे सोनोग्राफीसाठी लघवी तुंबवून बसायला सांगितलं. बाकावरच्या बाया कुरकुरत होत्या. मी दोन तास गप्प बसले. एवढं एकच काम मला उत्तम येतं.

नंतर युरीन कल्चर केलं. म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणत्या औषधाने मरतात ते बघतात. तीन दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "अर्धवट गोळ्या खाऊन तुम्ही जंतूंना पक्कं केलंत." मग भरती करून इंजेक्शनं दिली. खाटेवर पडून मी भिंतीकडे तोंड करून रडत असे.

बायांनो, मॅडमनी सांगितलं ते सांगते. पाणी प्या. लघवी दाबू नका. धुताना हात पुढून मागे न्या. नवऱ्याजवळ गेल्यावर लघवीला जाऊन या. गोळ्या संपेपर्यंत घ्या. थंडीताप आला तर रक्तासोबत लघवीही तपासा. हे सगळं मला कळलं तेव्हा किडनी गेली होती.

घरी आल्यावर पोती मीच ओढून बाहेर काढली. सासूबाई ओरडल्या, "मोह कुठी ठेवशीन आता?"

"माह्या खाटेखाली ठेवा," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी सातवीतली माझी मुलगी शाळेतून आली. तिची पाण्याची बाटली भरलेलीच होती.

"पाणी काऊन नाई पेलं?"

"शाळेच्या संडासाले कुलूप रायते. तूच त सांगतलं होतं माय, पाणी कमी पेत जा म्हणून."

सांगितलं होतं, मीच. पहिलीत घातलं त्या दिवशी, वेणी घालताना. मी बाटली घेऊन ओट्यावर बसले.

तेव्हापासून शाळेत किल्ली मागायला जाते. गुरुजी म्हणतात, "पाहू." मी आता दिवसभर पाणी पिते. मुलीची बाटली अजून भरलेलीच घरी येते.