नाबर सरांची दिनवार्ता

जयवंत नाबर मूळचे कुडाळकडचे. बी.एड. झाल्यावर नोकरीसाठी बरेच जोडे झिजवून झाले, तेव्हा एका ओळखीच्यांनी सांगितलं, सिल्वासाला एका संस्थेच्या हायस्कुलात मराठीला माणूस हवाय. सिल्वासा कुठं आलं, हेही त्यांना आधी विचारून घ्यावं लागलं. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात ते ट्रंक आणि वळकटी घेऊन वापीला उतरले, गच्च भरलेल्या जीपमध्ये बसून सिल्वासाला पोचले आणि तिथलेच झाले. पुढं शोभाशी लग्न झालं, डोकमर्डीला दोन खोल्या मिळाल्या, हर्षल झाला.

शाळेत गुजरातीचा विभाग मोठा, मराठीचा लहान आणि इंग्रजीचा त्याहून लहान. पण त्याच वर्षांत आजूबाजूला कारखाने उभे राहू लागले. धुळे-जळगावकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन आली, नरोलीला, पिपरियाला खोल्या घेऊन राहिली, आणि त्यांची पोरं मराठीच्या वर्गात येऊन बसली. बाकं पुरेनात. खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा मुलं बसायची. नाबर सरांना तेव्हा वाटायचं, आपण येऊन पडलो ती जागा काही चुकीची नाही.

त्यांनी शाळेला एक गोष्ट दिली, ती म्हणजे दिनवार्ता. रोज परिपाठात प्रार्थना झाली की मराठीचा एक विद्यार्थी पुढं येऊन बातम्या वाचायचा. आधी देशाच्या. त्या शिळ्याच असायच्या, कारण मुंबईचं वर्तमानपत्र वापीहून येईस्तोवर दुपार व्हायची. मग शाळेच्या, आणि त्या मात्र अगदी ताज्या. सर त्या सकाळी लवकर येऊन स्वतः गोळा करायचे. ‘पाचवीच्या वर्गात साळुंकीनं पंख्यावर घरटं केलं आहे, पिल्लं उडेपर्यंत कुणीही पंखा लावू नये.’ ‘रांधा गावच्या योगेशची एक चप्पल विहिरीपाशी सापडली, दुसरीचा शोध चालू आहे.’ मराठी न कळणारी गुजराती पोरंही तेवढ्यापुरती कान टवकारायची. हसू फुटलं की मैदानभर पसरायचं.

त्र्याण्णव साली बातम्या वाचायला आठवीतली रोहिणी होती. नरोलीतल्या धाग्याच्या कंपनीत काम करणाऱ्या चिंधा कारभारींची मुलगी. सडपातळ, केसांना चपचपीत तेल, आवाज मात्र असा की शेवटच्या रांगेतला पोरगाही चुळबुळ थांबवायचा. अहिराणी बोलणाऱ्या घरातली ही मुलगी पुस्तकातलं मराठी इतकं स्वच्छ वाचायची, की नाबर सर तिच्याकडं पाहत उभे राहायचे आणि आपण शिक्षक झालो हे बरं झालं असं त्यांना वाटायचं.

एप्रिल उजाडला. शाळा सकाळची झाली. पटांगणातलं निंबाचं झाड फुलून गेलं, रांध्याकडच्या मुलांच्या दप्तरात कैऱ्या आणि मोहाची फुलं सापडू लागली. वार्षिक परीक्षा तोंडावर आली असताना एके दिवशी मुख्याध्यापक ललितभाईंनी नाबर सरांना बोलावून घेतलं.

ललितभाई माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी पाणी मागवलं, मग म्हणाले, “नाबरभाई, संस्थेची मीटिंग झाली. इंग्लिशला खोल्या कमी पडतात. मराठीत पोरं राहिली किती? आठवीत पंधरा. सातवीत त्याहून कमी. संस्था म्हणते, जूनपासून मराठी बंद.”

नाबर सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मुलं कमी होत चालली होती हे त्यांना दिसत होतंच. ज्याच्या हातात चार पैसे आले तो पोराला इंग्रजीत घालत होता, ज्याला इथंच धंदा करायचा होता तो गुजरातीत.

“आणि मुलं आणली तर?” त्यांनी विचारलं.

“आणा ना. वर्गभर पोरं जूनसाठी नावं द्यायला तयार झाली तर मी स्वतः ट्रस्टींशी बोलतो. पण निकालाच्या आधी. आणि हे पोरांना सांगू नका. परीक्षेत गोंधळ नको.”

त्या दिवसापासून शाळा सुटली की नाबर सर सायकल काढायचे. डोक्याला रुमाल गुंडाळून उन्हातून नरोली, पिपरिया, रांधा. चाळीच्या दारांत उभं राहून ते मराठीचं महत्त्व सांगायचे. रातपाळी करून आलेली माणसं झोपेतून उठून, डोळे चोळत ऐकायची. कुणी पाणी द्यायचं, कुणी खाटेवर बसवायचं. “बघतो सर,” म्हणायचे. त्या ‘बघतो’चा अर्थ सरांना कळत होता, तरी ते पुढच्या दाराशी जायचे.

एका संध्याकाळी ते चिंधांच्या खोलीवर पोचले. रोहिणीचा धाकटा भाऊ त्या वर्षी मराठी चौथीत होता, पाचवीला हायस्कुलात येणार होता. त्याचं नाव हवं होतं. रोहिणी घरात नव्हती, पाण्याला गेली होती.

“च्या मांड वं,” चिंधांनी बायकोला सांगितलं आणि सरांसाठी खाटेवरची गोधडी झटकली. सरांचं सगळं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, “मास्तर, तुम्ही रोहिणीला घडवलं. तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. पण एक इचारू का? राग मानू नका.”

“विचारा की.”

“तुमचा पोऱ्या कोणत्या शाळेत आहे?”

चिंधांच्या बोलण्यात कुसकेपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शिकलेला माणूस स्वतःच्या पोरासाठी काय करतो, ते पाहून आपणही तसंच करावं, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता.

“इंग्रजीत,” नाबर सर म्हणाले.

“मंग,” चिंधा म्हणाले. केसरबाईंनी, म्हणजे रोहिणीच्या आईनं, चहा आणून ठेवला. तो संपेपर्यंत तिघंही पाऊसपाण्याचं बोलत राहिले.

घरी आल्यावर जेवताना सरांनी शोभाला सांगितलं, “हर्षलला जूनपासून माझ्या शाळेत घालू या. मराठीत.”

शोभा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. “कशासाठी?”

“मी लोकांच्या दारात जाऊन सांगतो आणि माझाच मुलगा...”

“म्हणजे तुमचं बोलणं खरं ठरावं म्हणून?” तिनं आवाज चढवला नाही. “अहो, तो पोरगा आहे, पाटी नाही. त्याला नववीपर्यंत नेऊन तो वर्ग बंद पडला, तर कुठं जाईल तो? तुम्ही देता का खात्री?”

हर्षल आतून ऐकत होता. तो दारात येऊन उभा राहिला, पाचवीतला, अंगानं लहानखुरा. “बाबा, मी नाही जाणार,” एवढंच म्हणाला आणि रडू लागला.

नाबर सरांनी हात धुतला.  त्यांच्या लक्षात आलं, ज्या गोष्टीची खात्री आपणच देऊ शकत नाही, तीच गेले कित्येक दिवस आपण दारोदार विकत फिरतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली नाही. त्यानंतरही नाही.

परीक्षा पार पडली. परीक्षा संपली की निकालापर्यंत मुलं यायची ती परिपाठाला, वर्ग झाडायला आणि हुंदडायला. शिक्षक पेपर तपासत बसायचे. अशाच एका सकाळी परिपाठाला रोहिणी दिनवार्तेसाठी पुढं आली. हातात सरांनी दिलेला कागद. देशाच्या बातम्या झाल्या. शाळेच्या बातम्या झाल्या, त्यात माठांना नवीन झाकणं आल्याची होती, सहावीच्या स्नेहलनं शंभर मीटरमध्ये तालुक्याला नंबर काढल्याची होती. टाळ्या वाजल्या. रोहिणीनं कागदाची घडी केली, पण ती जागची हलली नाही.

“आणखी एक बातमी आहे,” ती म्हणाली. “ती कागदावर नाही. जूनपासून मराठीचे वर्ग बंद होणार, असं नरोलीत सगळे म्हणतात.” मग तिनं मान वळवली आणि बाजूला उभ्या असलेल्या सरांकडं पाहिलं. “सर, ही बातमी खरी आहे का?”

 मराठीच्या रांगेतल्या मुलांच्या माना सरांकडं वळल्या. गुजरातीच्या, इंग्रजीच्या रांगांतही काहीतरी घडलंय हे कळलं. ललितभाई व्हरांड्यात उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

 नाबर सरांनी ‘हो’ म्हणावं तर ललितभाईंचा शब्द मोडत होता, ‘नाही’ म्हणावं तर खोटं ठरत होतं. आणि खरं तर दोन्हीपैकी काहीही म्हणायची ताकदच त्यांच्यात राहिली नव्हती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते ओरडले, “शाळा, सावधान!”

शेकडो पाय एकदम जुळले. राष्ट्रगीत सुरू झालं. रोहिणीही सावधान उभी राहिली, कागद मुठीत, नजर समोर. तिनं परत सरांकडं पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि निकालाच्या दिवशी आठवीत पहिली आली म्हणून पेढा द्यायला आली, तेव्हाही नाही. पेढा तिनं टेबलावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली.

नंतर शिक्षकांच्या खोलीत भूगोल शिकवणाऱ्या सुनंदाबाई नाबर सरांना म्हणाल्या, “तुम्ही तिला जवळ बोलावून दोन शब्द बोलायला हवं होतं.”

“काय बोलणार होतो?”

सुनंदाबाईंनी भिंतीवरचा नकाशा गुंडाळायला घेतला.

जूनमध्ये मराठीच्या खोल्यांना रंग दिला गेला आणि तिथं इंग्रजीचे वर्ग बसले. परिपाठात इंग्रजी सुविचार सुरू झाला, दिनवार्ता कुणी बंद केली नाही, पण ती वाचायला कुणी पुढं आलं नाही. नाबर सरांची नोकरी राहिली. त्यांना गुजरातीच्या मुलांना हिंदी शिकवायला दिलं आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली दिली.

मराठीतली काही मुलं गावाकडं परत गेली. काही शाळाच सोडून गेली. रोहिणी गुजराती नववीत येऊन बसली. लिपी तिला येत नव्हती. गणिताच्या तासाला फळ्यावरचे आकडेसुद्धा तिला अनोळखी दिसायचे. व्हरांड्यातून जाताना नाबर सरांना ती दिसायची, शेवटच्या बाकावर, वही उघडी, पेन बंद. त्यांनी एकदा तिला थांबवलं. “संध्याकाळी डोकमर्डीला येत जा. मी शिकवतो.”

ती काही दिवस आली. शोभा तिला आल्या आल्या पाणी द्यायची, जाताना अंगणापर्यंत सोडायला यायची. पण सरांना स्वतःलाच गुजराती गणित धड येत नव्हतं. एकेका शब्दापाशी दोघं अडायचे. एकदा रोहिणी म्हणाली, “सर, तुम्हाला पण त्रास होतो.” त्यानंतर ती आली नाही. सहामाहीत चार विषयांत नापास झाली, आणि दिवाळीनंतर तिचं बाक रिकामं राहिलं. नाबर सर चौकशीला जायला निघाले होते. सायकलच्या चाकात हवा नव्हती. भरून आणता आली असती. त्यांनी ती पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात बाजारात चिंधा भेटले. दाढी पांढरी झाली होती, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. मशीनमध्ये गेली, त्यांनी आपणहून सांगितलं, जणू सगळ्यांचीच जातात.

“रामराम मास्तर. बरं आहे ना?”

“बरं आहे. रोहिणी?”

“तिचं लगीन करून टाकलं दोन सालामागं. साक्रीकडं दिली. जावई ट्रॅक्टरवर जातो.” मग थोडं थांबून, “पोरगी झाली होती. राहिली नाही.”

नाबर सरांच्या हातात भेंडीची पिशवी होती. लोक धक्का देऊन पुढं जात होते. त्यांना म्हणायचं होतं, माझं चुकलं, मी त्या दिवशी ओरडलो. म्हणायचं होतं, ती किती छान वाचायची. तोंडातून निघालं ते एवढंच, “तब्येत सांभाळायला सांगा तिला.”

“सांगतो,” चिंधा म्हणाले. मग थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, “मास्तर, बारक्याला कंपनीत लावायचं म्हणतो. सातवी सोडली त्यानं. तुमच्या वळखीनं कुठं होईल का?”

नाबर सर म्हणाले, “बघतो.”