हद्द

ज्या माणसाला समुद्र नुसता दिसला तरी मळमळतं, त्यालाच समुद्राच्या राखणीला बसवायचं, ही अक्कल सरकारशिवाय जगात कोणालाही सुचणार नाही. तो माणूस माझा सासरा निघावा, हे माझं नशीब. तापीकाठच्या कापसाच्या शेतातून उठून मामा सागरी पोलिसांत गेले आणि नोकरीभर खिशात लिंबू ठेवून गस्त घालत राहिले. आता निवृत्त होऊन नवापुरात राहतात, पण लिंबू सुटलेलं नाही. विसरवाडीच्या एसटीतसुद्धा हुंगत बसतात.

दारावरून जाणारा कोंबड्यांचा टेम्पो थांबवून ते चालकाला चहा पाजतात. गुन्हेगार पाठलागाने सापडत नाही, ओळखीने सापडतो, हा त्यांचा सिद्धांत. परकी बोट आधी कोळ्याला दिसते, आणि कोळी ती फक्त ओळखीच्या पोलिसाला सांगतो, तेव्हा बंदुका नंतर, आधी चहा. हे ते मला, सासूबाईंना आणि टेम्पोवाल्याला सारख्याच तळमळीने ऐकवतात. कोंबड्यांची तस्करी मात्र अजून एकही उघडकीला आलेली नाही.

एक शब्द तेवढा त्यांना सोसत नाही. एकदा जेवताना मी सहज "ही तर हद्द झाली" म्हणालो, तर मामा ताटावरून उठले. गटार कोणाच्या हद्दीत येते यावरून शेजारी भांडायला लागले, की मामा फावडं घेऊन स्वतःच गटार उपसतात. सासूबाई कपाळाला हात लावतात.

कारण मला नवापूरच्या स्टेशनवर कळलं. तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. मामा रोज संध्याकाळी त्यावर बसतात. त्यांच्या चहाच्या दोस्त कोळ्यांपैकी एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या नाखव्याने, एकदा समुद्रातून फोन केला होता, की परक्या बोटीतली माणसं माझ्या होडीवर चढताहेत. मामांची बोट धावली. होडी समोर दिसू लागली आणि यांची हद्द संपली. पुढचं पाणी दुसऱ्या खात्याचं. विचारणा वर गेली, तिथून आडवी गेली, आणि परवानगी आली तेव्हा होडी रिकामी तरंगत होती. तांडेल पुन्हा कोणाला दिसला नाही.

"एवढाच दूर व्हता तो, जवाईबापू," मामा बाकाच्या गुजरातकडच्या टोकाला हात लावून म्हणाले. "हद्द फक्त आमलेच समजस. चोरले समजत नई."

दर नारळी पौर्णिमेला, होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की तांडेलाच्या बायकोचा फोन येतो. मामा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. ती विचारते, साहेब, काही कळलं का? मामा म्हणतात, "शोध चालू आहे." जन्मभर अहिराणी बोलणाऱ्या या माणसाचं शुद्ध मराठीतलं तेवढं एकच वाक्य, आणि तेवढंच खोटं.

यंदा मी शेजारी होतो. फोन आला. मामा वाक्य तयार ठेवून ऐकत राहिले, मग नुसतंच "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. बराच वेळ लिंबू हातात फिरवत होते.

"जेवलात का, इतलंच ईचारं तिनी," ते म्हणाले. "त्यानाबद्दल ईचारनं सोडी दिधं तिनी."